हिब्रू भाषेचे धातु आणि रोजचें बोलणें



कोंकणांतील जुन्या मंडळींना 'शनवार तेली' हें नांव अपरिचित नाहीं. तेलाचे घाणे चालविणारे तेथील बेने इस्रायल लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांना हें नांव दिलें. शेजाऱ्यांना हिब्रू येत नव्हती. तरी एका हिब्रू शब्दाचा अर्थ त्यांनीं नकळत अचूक पकडला होता. 'शब्बाथ' हा शब्द 'थांबणें, काम सोडणें' या अर्थाच्या धातूशीं निगडित आहे. आज इस्रायलमध्यें कामगार संप करतात, त्या संपालाहि त्याच धातूपासून झालेला 'श्विता' हा शब्द आहे. देवासाठीं थांबणें आणि मजुरीसाठीं थांबणें हीं एकाच मुळाचीं दोन फळें होत!

हिब्रूंतील बहुतेक धातु तीन व्यंजनांचे असतात. त्यांमध्यें स्वर पालटून, मागेंपुढें अक्षरें जोडून शब्द सिद्ध होतात. 'क-त-व' म्हणजे लिहिणें. त्यापासून 'मिख्ताव' म्हणजे पत्र आणि 'क्तोवेत' म्हणजे पत्ता. संस्कृतांतील 'लिख्' धातूपासून लेख, लेखक, लेखणी होतात, तसाच हा प्रकार. परंतु मराठी माणसाला याहूनहि जवळची एक वाट आहे. अरबी ही हिब्रूची बहीण, आणि अरबी शब्द फारसीच्या द्वारें आपल्या घरांत केव्हांच येऊन बसले आहेत. आपली 'किताब' आणि त्यांचें 'मिख्ताव' एकाच कुळांतलीं. आपला 'हिशेब' आणि हिब्रू 'हेश्बोन' हे तर सख्खे भाऊ. त्याच धातूपासून संगणकाला 'मह्शेव' हें नांव मिळालें. आपण 'कबूल' म्हणतों. तिकडे दुकानदार पैसे पोंचल्याची पावती देतो, ती 'कब्बाला'.

हे रोजच्या व्यवहाराचे शब्द आले कोठून, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास हिब्रू घरांत बोलली जाईनाशी झाली. प्रार्थना, शास्त्रचर्चा, काव्य आणि पत्रव्यवहार यांत ती टिकून राहिली. पण आईनें लेंकराशीं बोलावयाची भाषा ती उरली नाहीं. एलिएझर बेन येहुदा हे गृहस्थ १८८१ सालीं यरुशलेमेस आले. पुढल्याच वर्षीं त्यांना पुत्र झाला. त्याच्या कानावर हिब्रूवांचून दुसरी भाषा पडूं द्यावयाची नाहीं, असा त्यांनीं निश्चय केला. या निश्चयाचा खरा भार पडला तो त्यांची पत्नी द्वोरा हिच्यावर. तिला स्वतःलाच हिब्रू बेताची येत होती, आणि त्या प्राचीन ग्रंथांत घरसंसाराला लागणारे कित्येक शब्द नव्हतेच.

मग धातूंकडे आणि जुन्या शब्दांकडे धांव घ्यावी लागली. 'मिला' म्हणजे शब्द. त्यावरून शब्दकोशाला 'मिलोन'. 'एत' म्हणजे काळ. त्यावरून वर्तमानपत्राला 'इतोन'. 'ओफान' म्हणजे चाक. त्याचें द्विवचनी रूप घेऊन सायकलला 'ओफनायिम'. यहेज्केल प्रवाचकाच्या दर्शनांत 'हश्मल' नांवाच्या एका झळकणाऱ्या पदार्थाचा उल्लेख आहे. यहूदा लेब गॉर्डन या कवीनें तो शब्द विजेला दिला, आणि आज घरोघर विजेचें बिल त्याच नांवानें येतें. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोश ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा उद्योग परका वाटणार नाहीं.

परंतु शब्द घडविणें एक, आणि तो चालणें दुसरें. टोमॅटोचीच गोष्ट पाहा. युरोपांत या फळाला 'प्रेमाचें फळ' म्हणत. त्याला अनुसरून आसक्तिवाचक धातूपासून 'अगवानिया' हा शब्द निघाला. बेन येहुदांना तो असभ्य वाटला. त्यांनीं अरबीवरून 'बदुरा' हा शब्द पुढें केला. पण बाजारानें पंडिताचें ऐकलें नाहीं. लोक आजहि 'अगवानिया'च विकत घेतात. टेलिफोनसाठीं दूर बोलण्याच्या अर्थाचा शब्द सुचविला गेला, तोहि चालला नाहीं. आपला 'दूरध्वनि' कागदावर राहिला आणि तोंडांत फोन बसला, तसेंच झालें. बेन येहुदा १९२२ सालीं वारले. त्यांचा सतरा खंडांचा कोश १९५९ सालीं पुरा झाला. तथापि तोंपर्यंत भाषा कोशाची वाट पाहत बसली नव्हती. मुलें ती रस्त्यांत बोलूं लागलीं होतीं.

आपल्याकडेहि हिब्रूचा अभ्यास जुना आहे. जॉन विल्सन यांचें हिब्रूचें मराठी व्याकरण १८३२ सालीं निघालें, आणि पुढें जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनीं हिब्रू प्रार्थना मराठींत आणल्या. माझे एक बेने इस्रायल सहशिक्षक निवृत्तीनंतर मुलीकडे इस्रायलला गेले. प्रार्थना त्यांना मुखोद्गत. पण पहिल्या दिवशीं भाजीवाल्यापुढें ते मुके उभे राहिले. प्रार्थनेंत टोमॅटो कोठून येणार? बोटानें दाखवून त्यांनीं भाजी घेतली. भाजीवाल्यानें हातांत कागद ठेवला, त्यावर 'कब्बाला' हीं अक्षरें दिसलीं. "आणि मास्तर," त्यांनीं मला लिहिलें, "मला आपलें 'कबूल' आठवलें. त्या दिवसापासून मी हिब्रू पाठ करणें सोडलें आणि बोलावयास लागलों."

शिकणाऱ्यानें धातु अवश्य शोधावा. परंतु शब्द मात्र बाजारांत जाऊन मागावा. निरोपाचा शब्दहि तसाच घ्या. त्यांचा 'शालोम' तोच आपला सलाम. तो करून मी आपली रजा घेतों.