ट्रकची वाट आणि टोलचा हिशेब : यूरोपीय मालवाहतुकीच्या अभ्यासाची प्रस्तावना

रॉटरडॅमच्या बंदरात उतरलेला माल मिलानला पोचवायचा आहे. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती ऱ्हाइनच्या काठाकाठाने जर्मनीतून खाली येते, बाझेलला स्वित्झर्लंडमध्ये शिरते आणि गोटहार्डच्या बोगद्यातून थेट इटलीच्या दिशेने उतरते. तरीही उत्तर यूरोप आणि इटली यांच्यातला कितीतरी माल ही सरळ वाट सोडून पूर्वेला ऑस्ट्रियाच्या ब्रेनर खिंडीतून जातो, नाहीतर पश्चिमेला फ्रान्सच्या बाजूने मों ब्लां किंवा फ्रेज्यूसच्या बोगद्यातून. चाळीस टनांची गाडी जास्तीचे किलोमीटर पळवायला कोणताही मालक हौसेने तयार होत नाही. डिझेल जळतं, टायर झिजतात, ड्रायव्हरचे तास खर्च होतात. मग हा वळसा का? या एका प्रश्नाचा नीट पाठपुरावा केला, तर अर्थशास्त्र, भूगोल, कायदा, गणित आणि कामगारांचं रोजचं जगणं असं सगळं एकाच गाडीमागे चालत येतं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाने म्हणूनच मोठ्या सिद्धान्तापासून सुरुवात करू नये. एक गाडी घ्यावी, एक फेरी घ्यावी आणि तिचा हिशेब शेवटपर्यंत मांडावा.

स्वित्झर्लंडपासूनच सुरुवात करू. २००० सालापर्यंत तिथे ट्रकच्या वजनाची मर्यादा २८ टन होती. शेजारी देशांत ४० टनांची गाडी सर्रास चालत असे. म्हणजे भरलेल्या मोठ्या गाडीला आल्प्स ओलांडायचा मधला दरवाजा बंदच होता. २००१ मध्ये मर्यादा ३४ टनांवर आणि २००५ मध्ये ४० टनांवर गेली. दरवाजा उघडला, पण उंबऱ्यावर नवं शुल्क बसलं. १ जानेवारी २००१ पासून लागू झालेलं हे जड वाहन शुल्क मोजण्याची रीत मुळातून वेगळी आहे. गाडीचं कमाल अनुज्ञेय वजन, देशात कापलेलं अंतर आणि इंजिनाचा प्रदूषणवर्ग या तिन्हींवरून ते ठरतं. गाडी रिकामी असो की भरलेली, आकारणी परवान्यावरच्या वजनावर. महामार्ग असो की खेड्यातला रस्ता, प्रत्येक किलोमीटर मोजला जातो. त्यावर रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंत ट्रकना बंदी, रविवारीही बंदी. यामागे लोकांचा कौल आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये स्विस मतदारांनी आल्प्समधून आरपार जाणारा माल रस्त्यावरून रेल्वेवर न्यावा असा निर्णय दिला, आणि शुल्कातून येणाऱ्या पैशाचा मोठा भाग रेल्वेच्या बोगद्यांकडे वळला. २०१६ मध्ये सुरू झालेला ५७ किलोमीटरचा गोटहार्ड पायथा बोगदा याच धोरणात बसतो. तेव्हा स्विस शुल्क ट्रकवाल्याला जड जावं, ही तिथे धोरणातली त्रुटी मानली जात नाही; तो धोरणाचा हेतूच आहे.

आता शेजारचा ऑस्ट्रिया पाहा. तिथे १ जानेवारी २००४ पासून साडेतीन टनांवरच्या वाहनांना महामार्गावर किलोमीटरनुसार टोल लागतो. काचेवर चिकटवलेली एक लहानशी पेटी कमानीखालून जाताना सूक्ष्मलहरींनी बोलते. एकदा ‘टिंग’ झालं की टोल कापला गेला. चार वेळा वाजलं की कापला गेला नाही, म्हणजे ड्रायव्हरने पुढे दुर्लक्ष केलं तर दंड ठरलेला. पेटीवरच्या बटणाने एक्सलची संख्या योग्य लावलेली आहे की नाही, हे निघण्यापूर्वी तपासणं ड्रायव्हरचं काम. ट्रेलर सोडून नुसता पुढचा भाग घेऊन निघालेला माणूस ते बदलायला विसरला, तर पूर्ण गाडीचे पैसे जातात. उलट विसरला, तर दंड. टोलव्यवस्थेवरच्या जाडजूड अहवालांत हे बटण क्वचित दिसतं. माझ्या मते अभ्यासकाने आधी तेच पाहावं, कारण राज्यसंस्थेचा कायदा शेवटी या बटणावर ठेवलेल्या बोटापर्यंत येऊन पोचतो.

ब्रेनरची खिंड जेमतेम १,३७० मीटर उंच, चढ सोसवणारा, बारा महिने उघडी. माल तिकडे लोटला तो यामुळे, आणि त्याची किंमत ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या अरुंद दरीतली गावं आवाजाने आणि धुराने मोजतात. म्हणून टिरोलनेही रात्रीच्या वाहतुकीवर, काही ठराविक प्रकारच्या मालावर बंधनं घातली. गर्दीच्या दिवशी कुफश्टाइनजवळ ट्रक थोपवून ठराविक संख्येनेच पुढे सोडले जातात. रांग मग जर्मनीत बव्हेरियाच्या हद्दीत वाढते. इटलीने या निर्बंधांविरुद्ध २०२४ मध्ये यूरोपीय न्यायालयात धाव घेतली. त्यातच जानेवारी २०२५ पासून ब्रेनर महामार्गावरचा जुना लुएग पूल दुरुस्तीपायी प्रत्येक दिशेला एकाच मार्गिकेवर आला. पश्चिमेची स्थितीही निर्धास्त नाही. २४ मार्च १९९९ रोजी मों ब्लां बोगद्यात मैदा आणि मार्गारिन नेणाऱ्या ट्रकला आग लागली आणि ३९ माणसं गेली. बोगदा तीन वर्षं बंद राहिला. २००१ च्या ऑक्टोबरात गोटहार्डच्या रस्ताबोगद्यात अपघात होऊन आग लागली, ११ जण मरण पावले. एक वाट बंद झाली की दुसऱ्या दोन वाटांवर दुसऱ्याच दिवशी भार येतो. आल्प्सच्या या वाटा वेगवेगळ्या देशांत असल्या, तरी त्यांचा अभ्यास एकत्रच करावा लागतो.

रस्त्याचा मोबदला कोणी आणि किती द्यावा, हा विचार ट्रकपेक्षा कितीतरी जुना आहे. ऱ्हाइनच्या मधोमध काउबजवळ उभा असलेला फाल्ट्सग्राफेनश्टाइन हा चौदाव्या शतकातला किल्ला नावांकडून जकात वसूल करण्यासाठीच बांधला होता. शास्त्रशुद्ध मांडणी मात्र फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई याने १८४४ मध्ये सुरू केली. पुलावरून जाणाऱ्याला त्या पुलाचा जो उपयोग वाटतो, त्याचं मोजमाप कसं करायचं आणि टोल वाढवला की किती लोक पूल वापरायचं सोडतात, हे प्रश्न त्याने विचारले. १९२० मध्ये आर्थर पिगू याने वापरणाऱ्यामुळे इतरांवर पडणाऱ्या खर्चाचा विचार पुढे नेला. आज जर्मनी १ डिसेंबर २०२३ पासून ट्रकच्या टोलमध्ये कार्बन डायऑक्साइडचे टनामागे २०० यूरो धरते, तेव्हा पिगूचा विचार टोलच्या बिलात एका वेगळ्या आकड्याच्या रूपाने उतरलेला असतो.

जर्मनीचा टोल हा या क्षेत्रातला सर्वांत चर्चिलेला प्रयोग. २००३ मध्ये सुरू व्हायचा, तांत्रिक अडचणींमुळे रखडला आणि १ जानेवारी २००५ ला सुरू झाला. नाका नाही, फाटक नाही. गाडीतलं उपकरण उपग्रहावरून आपली जागा ओळखतं आणि रस्त्याच्या तुकड्यागणिक पैसे मोजतं. सुरुवातीला १२ टन आणि त्याहून जड गाड्या, २०१५ पासून साडेसात टन, जुलै २०२४ पासून साडेतीन टनांपेक्षा जास्त. २०१८ मध्ये सगळे राष्ट्रीय रस्ते त्यात आले, कारण केवळ महामार्गावर टोल असेपर्यंत ट्रक बाजूच्या रस्त्यांनी गावांतून जात. एक्सल उचलून धरला तरी तो मोजला जातो.

या प्रयोगाचा सर्वांत बोलका परिणाम मात्र जर्मनीबाहेर दिसला. ऱ्हाइनच्या उजव्या तीरावर जर्मनीचा ए-५ महामार्ग, डाव्या तीरावर फ्रान्सच्या आल्सास प्रांतातला ए-३५. दोन्ही उत्तर-दक्षिण, जवळजवळ समांतर. उजवीकडे टोल लागला, डावीकडे रस्ता फुकट राहिला. ट्रकनी पूल ओलांडले. फ्रान्सने यावर देशव्यापी ट्रककराचा उपाय ठरवला, कमानीही उभ्या केल्या. पण ऑक्टोबर २०१३ मध्ये ब्रिटनी प्रांतात लाल टोप्या घातलेले शेतकरी, कामगार आणि छोटे वाहतूकदार रस्त्यावर उतरले. लाल टोपीची आठवण १६७५ च्या करविरोधी बंडापर्यंत जाते. कर स्थगित झाला, वर्षभराने कंत्राटच रद्द झालं. आल्सासच्या लोकप्रतिनिधींनी मग आपल्या पट्ट्यापुरता ट्रककर आणण्याची वाट धरली. शेजाऱ्याच्या निर्णयाने आपल्या दारातली वाहतूक बदलते, आणि देशाच्या दुसऱ्या टोकाच्या लोकांच्या रागाने आपला उपाय हुकतो: राजकीय भूगोल शिकवण्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मार्ग शोधण्याचं गणितही याच भूमीत वाढलं. एड्स्खर डाइक्स्ट्रा याने १९५६ मध्ये लघुतम मार्गाची आपली प्रसिद्ध रीत सुचवली, तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर रॉटरडॅम ते ग्रोनिंगेन हा प्रवास होता. ट्रकच्या बाबतीत मात्र ‘लघुतम’ या शब्दाला पुरेसा अर्थ उरत नाही. चार मीटर उंचीची गाडी कोणत्या पुलाखालून जाईल? टोल वाचवून जो तास जास्त लागला, तो तास ड्रायव्हरकडे शिल्लक आहे का? यूरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबावंच लागतं. ती विश्रांती फोडता येते, पण आधी १५ आणि मग ३० अशीच. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १०. सलग दोन आठवड्यांत मिळून ९० च्या वर नाही. टॅकोग्राफ प्रत्येक मिनिट नोंदवतो. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत जड ट्रक बंद. ऑस्ट्रियात बंदी शनिवारी दुपारी तीनलाच सुरू होते. शुक्रवारी संध्याकाळी तास संपत आलेले, महामार्गालगतचे थांबे भरलेले, वळणरस्त्याच्या कडेलासुद्धा गाड्या लागलेल्या, अशा वेळी मार्ग ठरतो तो गाडी लावायला जागा कुठे मिळेल यावरून. संगणकाच्या पडद्यावरची निळी रेघ पाहून मार्गनियोजन समजलं असं मानणाऱ्या अभ्यासकाला ही संध्याकाळ कधी कळत नाही.

काचेवर देशागणिक वेगळी पेटी लावायची वेळ येऊ नये, म्हणून एक पेटी, एक करार, एक बिल ही कल्पना यूरोपीय संघाने २००४ मध्येच कायद्यात आणली. ती प्रत्यक्षात यायला दीड दशकाहून अधिक काळ लागला आणि काम अजून अपुरंच आहे.

ड्रायव्हर हा या अभ्यासाचा गाभा आहे, आणि तोच सर्वांत कमी वाचला जातो. ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घेता येणार नाही, असा निर्णय यूरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. २०२० च्या कायद्यात तो स्पष्टपणे आला. तरी शनिवार-रविवारी थांब्यांवर केबिनबाहेर स्टोव्ह मांडून जेवण करणारी माणसं दिसतातच. २०२३ मध्ये डार्मश्टाटजवळच्या ग्रेफेनहाउझेन थांब्यावर प्रामुख्याने जॉर्जिया आणि उझबेकिस्तानच्या ड्रायव्हरांनी थकलेल्या पगारासाठी गाड्या उभ्या करून संप केला, तेव्हा यूरोपचा माल कोणाच्या हातून फिरतो हे जर्मन वाचकांनाही नव्याने कळलं. मराठी वाचकासाठी हा विषय दूरचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि त्यासाठीच्या व्यवसायांत वाहनचालकही होते. तिकडे जाऊ पाहणाऱ्या आपल्या मुलांना टॅकोग्राफ, टोलची पेटी आणि पगारपत्रक या तिन्ही गोष्टी मराठीत समजावून सांगणारं लेखन हवं आहे, आणि ते लिहिण्याची पात्रता या क्षेत्रात शिरणाऱ्यांनीच कमवायची आहे.

सुरुवात म्हणून सोफिया ते हॅम्बुर्ग ही फेरी घ्या. बल्गेरियात २०२० पासूनचा किलोमीटरनिहाय टोल, हंगेरीत २०१३ पासूनचा, जिथे उपकरण नसेल तर मार्ग आधी जाहीर करून तिकीट काढता येतं, स्लोव्हाकियात २०१० पासूनचा, चेक प्रजासत्ताकात २०१९ च्या अखेरीस सूक्ष्मलहरी सोडून उपग्रहावर गेलेला, आणि शेवटी जर्मनीचा. बहुतेक दरपत्रकं खुली असतात. पाच एक्सलची, युरो-६ वर्गाची गाडी धरा, डॅन्यूब ओलांडण्याच्या जागा बदलून पाहा, आणि प्रत्येक पर्यायाखाली दोन रकाने करा: एकात पैसे, दुसऱ्यात ड्रायव्हरचे उरलेले तास. मग तो कागद हा रस्ता खरोखर चालवणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरला दाखवा आणि तो कुठे पेन्सिल फिरवतो ते टिपून घ्या.