बीएमडब्ल्यू एक्स१ की ऑडी क्यू३? पन्नास लाखांच्या गाडीचा हिशोब आधी समजून घ्या

रील्सवर या दोन गाड्यांची तुलना शोधली तर एक ठरलेला प्रकार दिसतो. ड्रोनमधून घेतलेला शॉट, सनरूफ उघडतं, स्पीडोमीटरचा काटा वर सरकतो आणि शेवटी प्रश्न येतो, 'तुम्ही कोणती घ्याल?' खाली कमेंटमध्ये दोन तट पडतात. त्यात गाडी खरंच घ्यायला निघालेला माणूस क्वचितच असतो. तो शोरूममध्ये बसून कोटेशनच्या कागदाकडे बघत असतो, आणि त्याच्या डोक्यात वेगळेच प्रश्न असतात.

भारतात 'कॉम्पॅक्ट प्रीमियम एसयूव्ही' म्हटलं की बीएमडब्ल्यू एक्स१, ऑडी क्यू३ आणि मर्सिडीज जीएलए ही तीन नावं येतात. त्यातल्या पहिल्या दोघींमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण भाव जवळजवळ सारखा आणि मापंही जवळजवळ सारखी. सध्याच्या पिढीची एक्स१ भारतात जानेवारी २०२३ मध्ये आली. तेव्हा पेट्रोलची एक्स-शोरूम किंमत ४५.९० लाख आणि डिझेलची ४७.९० लाख होती. दुसऱ्या पिढीची क्यू३ ऑगस्ट २०२२ मध्ये ४४.८९ लाखांपासून सुरू झाली. वरचं 'टेक्नॉलॉजी' व्हेरियंट ५०.३९ लाखांना होतं. नंतर भाव वरखाली झाले. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सेस रद्द होऊन सरळ ४० टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी मोठ्या एसयूव्हींवरचा एकूण कर ५० टक्क्यांपर्यंत जात होता, त्यामुळे भाव काहीसे खाली आले. आजचा नेमका आकडा डीलरकडूनच घ्यावा, पण दोघी पन्नास लाखांच्या आसपासच्या गाड्या आहेत हे धरून चाला.

बोनेटखाली काय आहे?

खरा फरक इथे आहे. क्यू३ भारतात एकाच इंजिनात आली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, १९० एचपी, ३२० न्यूटन मीटर टॉर्क आणि सोबत क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना शक्ती. शून्य ते शंभरचा वेग कंपनीच्या आकड्यानुसार ७.३ सेकंदांत. डिझेल मिळत नाही. बीएस६ नियम आले तेव्हाच ऑडीने भारतात डिझेल बंद केलं.

एक्स१ मध्ये दोन पर्याय आहेत. पेट्रोल दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं, १३६ एचपीचं. डिझेल दोन लिटरचं, १५० एचपी आणि तब्बल ३६० न्यूटन मीटर टॉर्कचं. शून्य ते शंभरसाठी पेट्रोलला ९.२ आणि डिझेलला ८.९ सेकंद लागतात. दोन्हींत शक्ती फक्त पुढच्या चाकांना.

'४६ लाखांत तीन सिलिंडर?' असं तोंडातून निघणं साहजिक आहे, आणि कमेंटमध्ये ते हजारदा निघालेलंही आहे. शहरात हे इंजिन पुरतं, त्यात शंका नाही. पण पाच माणसं, बॅगा आणि चालू एसी घेऊन खंबाटकीच्या चढावर ट्रक ओलांडायचा असेल, तर क्यू३ आणि एक्स१ पेट्रोल यांच्यातला ५४ एचपीचा फरक पायाखाली जाणवतो. माझ्या मते एक्स१ घ्यायची तर तिची बाजू डिझेलमध्येच मजबूत आहे. पेट्रोलच हवं असेल तर क्यू३ जास्त मोकळ्या श्वासाची गाडी आहे.

क्वाट्रोबद्दल मात्र गैरसमज बरेच आहेत. क्यू३ मधली यंत्रणा नेहमीच्या रस्त्यावर मुख्यतः पुढच्या चाकांवरच गाडी चालवते. चाकं घसरायला लागली किंवा जोरात वेग घेतला की एक इलेक्ट्रॉनिक क्लच मागच्या चाकांकडे शक्ती पाठवतो. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबोली घाटात, कोकणातल्या ओल्या लाल मातीच्या चढावर त्याचा उपयोग आहे. पण यामुळे ब्रेक लवकर लागत नाही. उतारावर ओल्या वळणात वेग जास्त असेल तर चारही चाकांची शक्ती वाचवत नाही, टायर वाचवतात. टायर झिजलेले आणि गाडी क्वाट्रो, हा फसवा आत्मविश्वास आहे. वर्षातले अकरा महिने तुमची गाडी बाणेर ते हिंजवडी एवढीच जाणार असेल, तर या सोयीसाठी वेगळे पैसे मोजू नका.

डिझेल घ्यायचं का, याचं गणित

एक्स१ डिझेलचं एआरएआय मायलेज २०.३७ किलोमीटर आहे, पेट्रोलचं १६.३. प्रत्यक्षात दोन्ही खाली येतात. हिशोबासाठी आपण शहर आणि हायवे मिळून डिझेलला १५ आणि क्यू३ च्या दमदार पेट्रोलला १० धरू. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९० रुपये. वर्षाला १० हजार किलोमीटर फिरलात तर पेट्रोलचा खर्च १ लाख ५ हजार, डिझेलचा ६० हजार. म्हणजे वर्षाला ४५ हजारांची बचत.

पण महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रोड टॅक्स आहे आणि डिझेलला १५ टक्के. ५० लाखांवर हा २ टक्क्यांचा फरक थेट १ लाखाचा होतो. म्हणजे दहा हजार किलोमीटरवाल्याला तो वसूल व्हायला सव्वादोन वर्षं लागतात, आणि पाच हजारवाल्याला साडेचार वर्षं.

त्यात आणखी एक गोष्ट शोरूममध्ये सहसा कुणी काढत नाही. बीएस६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी इंजिन बराच वेळ गरम आणि बऱ्यापैकी वेगात चालावं लागतं. रोज फक्त मुलांना शाळेत सोडणं आणि भाजी आणणं एवढंच काम असेल तर फिल्टर चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. पुणे ते कोल्हापूर किंवा नाशिक ते मुंबई दर आठवड्याला जाणाऱ्याला याचा त्रास नाही. डिझेल हे त्यांचंच इंधन आहे.

आत बसल्यावर

लांबी ४५०० विरुद्ध ४४८२ मिलिमीटर, व्हीलबेस २६९२ विरुद्ध २६८०. बोटभर फरक. कागदावरून काही ठरत नाही, बसूनच बघावं लागतं. डिकी क्यू३ ची मोठी आहे, ५३० लिटर. एक्स१ पेट्रोलची ४७६ आणि डिझेलची ५०० लिटर. क्यू३ ची मागची सीट पुढे-मागे सरकते आणि पाठ थोडी कलते, ही आईवडिलांना घेऊन फिरणाऱ्यांसाठी चांगली सोय. पण मागच्या चाकांकडे शक्ती न्यायची असल्यामुळे मधोमध उंचवटा आहे. तिसऱ्या माणसाने पाय ठेवायचे कुठे, हा प्रश्न उरतोच.

एक्स१ चं डॅशबोर्ड नव्या जमान्याचं. दोन स्क्रीन एकाच वळणदार काचेखाली आहेत आणि बीएमडब्ल्यूचा जुना गोल आयड्राइव्ह नॉब काढून टाकलेला आहे. एसीसुद्धा स्क्रीनवरूनच कमी-जास्त करायचा. क्यू३ मध्ये एसीची बटणं हाताला लागतात. चालत्या गाडीत रस्त्यावरची नजर न काढता तापमान बदलता येणं ही मला मोठी गोष्ट वाटते. पंचविशीतल्या मुलाला कदाचित वाटणार नाही.

सुरक्षिततेत युरो एनकॅपने दोघींना पाच तारे दिले आहेत, क्यू३ ला २०१८ मध्ये आणि एक्स१ ला २०२२ मध्ये. मधल्या काळात चाचणी कडक झाली, त्यामुळे दोन्ही पंचतारे एकाच मापाचे नाहीत. शिवाय चाचणी युरोपात विकल्या जाणाऱ्या गाडीची होते.

कोटेशनमध्ये न दिसणारी गाडी

पन्नास लाखांच्या पेट्रोल गाडीवर साडेसहा लाख रोड टॅक्स. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे ५० हजार (हे आयकर विवरणपत्रात वळते करता येतात, विसरू नका). विमा धरायच्या आधीच ५७ लाख झाले. त्यातले ४० लाख सात वर्षांसाठी ९ टक्क्यांनी कर्ज घेतलं तर हप्ता साधारण ६४ हजार आणि एकूण व्याज १४ लाखांच्या घरात. सात वर्षांनी गाडीची किंमत किती उरेल, हे जुन्या गाड्यांच्या कोणत्याही वेबसाइटवर त्याच मॉडेलची जुनी गाडी शोधून आत्ताच बघा. प्रीमियम गाड्यांची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत वेगाने उतरते.

धंदेवाईक मंडळी गाडी कंपनीच्या नावावर घेतात, कारण घसारा आणि कर्जाचं व्याज खर्चात दाखवता येतं. पण महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला रोड टॅक्स २० टक्के आहे. म्हणजे साडेसहाऐवजी दहा लाख. आणि स्वतःच्या वापराच्या कारवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. सीएला विचारल्याशिवाय सही करू नका.

इथे तिसरा पर्याय डोकं वर काढतो. जानेवारी २०२५ मध्ये बीएमडब्ल्यूने लांब व्हीलबेसची इलेक्ट्रिक आयएक्स१ भारतात ४९ लाखांना आणली. बॅटरी ६६.४ किलोवॅट-तास, कागदावरची रेंज ५३१ किलोमीटर आणि मागे पाय पसरायला एक्स१ पेक्षा १०८ मिलिमीटर जास्त व्हीलबेस. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात रोड टॅक्सची सवलत आहे. घरी चार्जर बसवायला सोसायटी तयार असेल, तर पेट्रोलची एक्स१ घेण्यामागे मला फारसं कारण दिसत नाही.

क्यू३ ची जोडणी आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला होते, एक्स१ ची चेन्नईजवळ. त्याने सर्व्हिस स्वस्त होत नाही. संभाजीनगर या बाबतीत वेगळ्याच कारणाने गाजलं होतं. २०१० मध्ये तिथल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या. भाव आणि कर्जाचा दर दोन्ही घासाघीस करून. तुम्ही एकटे असाल तरी दोन शहरांतल्या डीलरांकडून लेखी कोटेशन घेऊन एकाचं दुसऱ्याला दाखवायला हरकत नाही.

आणि आणखी एक. क्यू३ ची तिसरी पिढी जून २०२५ मध्ये जगासमोर आली. त्यामुळे दुसऱ्या पिढीच्या गाडीवर घसघशीत सूट मिळत असेल तर ती कशासाठी आहे हे ओळखा. घेऊ नका असं नाही. सूट पुरेशी असेल आणि गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल तर सौदा चांगलाच आहे. फक्त पैसे भरण्याआधी चासिस नंबर मागून गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते तपासा, डिकीचा तळ उचलून स्पेअर चाक आहे का ते बघा, आणि टेस्ट ड्राइव्हला घरची सगळी माणसं बसवून गाडी आपल्या सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून न्या.