न पाहिलेला सिनेमा

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, हिप्पी म्हणजे काय हो?" आणि एक जुनी गोष्ट आठवली.

देव आनंदचा 'हरे रामा हरे कृष्णा' १९७१ चा. मी तेव्हा नवा मास्तर. सिनेमा न बघताच, 'दम मारो दम' गुणगुणणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर उभं केलं होतं.

१९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला, मागोमाग भाड्याचे व्हीसीआर. कुंभिवलीत एका रात्री अंगणात तीच कॅसेट लागली. काठमांडूचे हिप्पी, चिलमी सगळं होतंच. पण गोष्ट निघाली आईबापांच्या भांडणात ताटातूट झालेल्या बहीणभावाची. भाऊ शोधत येतो, पण बहीण वाचत नाही.

त्या पोराच्याही घरी तेव्हा तसंच चाललं होतं, मंडळी. मी कधी विचारलंच नाही.