शंभर पाण्यांचे तूप

गेल्या पौषात भाचीचा फोन आला. "मामा, आजीच्या वहीत इसबावरचा मलम होता ना? त्या पानाचा फोटो पाठवता का?" तिच्या आठ महिन्यांच्या मुलाच्या गालांवर आणि कोपरांच्या वळ्यांत इसब उठले होते. नाशिकची थंडी, त्यात कातडी फुटलेली. बाळ रात्र रात्र खाजवत होते. वही माझ्याकडेच होती. फोटो मात्र मी लगेच पाठवला नाही. का पाठवला नाही, याचे उत्तर नीट शोधावे म्हणून जी वाचने केली, त्यांतून हा लेख झाला.

वहीतल्या त्या पानावर दोन औषधे आहेत. पहिले सविस्तर लिहिलेले: तिळाचे तेल पाव शेर, मेण एक छटाक, राळ, कापूर आणि शेवटी 'मुरदाडशिंग तोळाभर, वस्त्रगाळ'. दुसऱ्याला जेमतेम एक ओळ मिळाली आहे: 'आग होत असल्यास शंभर पाण्यांचे तूप.' पहिल्याचे वजनमाप आहे, कृती आहे. दुसऱ्याचे काहीच नाही. ते सर्वांना येतच असणार, असे धरून आईने सोडून दिले असावे.

मुरदाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड. फुटलेल्या कातडीतून आणि बाळाच्या तोंडात जाणाऱ्या बोटांतून शिसे शरीरात शिरते, साठते आणि वाढत्या मेंदूला अपाय करते. कापूरही तान्ह्या मुलांना घातक. म्हणजे जे औषध आमच्या घरात तीन पिढ्या 'रामबाण' म्हणून मिरवले, त्यातले दोन पदार्थ बाळाजवळ नेण्याजोगे नाहीत. मग ते लावून आमची मुले बरी कशी होत होती? आणि दुसरे औषध एका ओळीत का उरले?

विचर्चिका

आपण ज्याला इसब म्हणतो, त्याच्या सर्वांत जवळचा जुना शब्द 'विचर्चिका'. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सातवा अध्याय कुष्ठचिकित्सेचा आहे. इथे 'कुष्ठ' म्हणजे केवळ महारोग नव्हे. कातडीचे अनेक विकार त्यात येतात. एकूण अठरा प्रकार, त्यांतली सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. विचर्चिका या अकरांपैकी एक. चरक तिचे वर्णन खाज, काळसर पुटकुळ्या आणि पुष्कळ स्राव असे करतो. सुश्रुत मात्र त्याच नावाखाली कोरडी, रेघा पडलेली, अतिशय खाजणारी आणि दुखणारी कातडी दाखवतो.

दोघांत विरोध आहे असे वाटते, पण इसब ज्याने जवळून पाहिले आहे त्याला तसे वाटणार नाही. नवे इसब पाझरते, जुने झाले की कोरडे पडून जाड होते, भेगाळते. ग्रीकांचा 'एक्झिमा' हा शब्द 'उकळून बाहेर येणे' या क्रियापदावरून आला. म्हणजे त्यांनीही नाव ठेवताना पाझरणारी अवस्थाच पाहिली होती. मुद्दा व्यवहाराचा आहे. एकाच रोगाच्या दोन अवस्थांना एकच मलम चालत नाही. पाझरणाऱ्या कातडीवर जाड, मेणाचा थर दिला तर ती कोंदटते. कोरड्या कातडीला मात्र त्याच थराने उतार पडतो. घरगुती औषधाचे यश आणि अपयश पुष्कळदा इथेच ठरत असे.

मलमाचा आधार

'मलम' हा शब्द अरबी-फारसी 'मरहम'पासून मराठीत आला. पुढच्या काळातील संस्कृत वैद्यकग्रंथांनी त्यालाच 'मलहर' असे रूप दिले. मळ हरण करणारा, असा अर्थही त्याला आयताच मिळाला. वस्तू मात्र शब्दाहून जुनी. तेलात मेण वितळवून केलेले 'सिक्थतैल' आपल्याकडे आहे आणि मेण, तेल व गुलाबपाणी यांचे मिश्रण रोमन काळातल्या गॅलेन या वैद्याच्या नावावर आहे. आजच्या कोल्ड क्रीमचे मूळ त्यात शोधतात. तिसरी वस्तू राळेचा मलम. राळ तिळाच्या तेलात विरघळवायची, ते पाण्यात ओतायचे आणि पाणी बदलत बदलत फेटायचे. पिवळट चिकट तेलाचा पांढरा, लोण्यासारखा गोळा होतो. भाजल्यावर लावायला हा मलम पुष्कळ घरांत असे.

चौथे शतधौत घृत, म्हणजेच वहीतले शंभर पाण्यांचे तूप. चरकाने ते विसर्पासारख्या दाहक विकारांत लावायला सांगितले आहे. ज्वराच्या दाहासाठी तर सहस्रधौत, हजार वेळा धुतलेले तूपही सांगितले आहे.

राळेचा मलम आणि हे तूप यांत एक गोष्ट समान आहे: पाणी. एरवी तूप आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पण सतत घासल्याने पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब तुपात अडकून बसतात. रवाळ पिवळे तूप गुळगुळीत पांढरे होते, त्याचा वास जातो, ते कातडीवर लगेच पसरते. लावल्यावर त्यातले पाणी हळूहळू उडते, त्याने थंडावा मिळतो. स्निग्धांश मागे राहतो आणि कातडीतले पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे या मलमात 'औषध' असे वेगळे काही नाही. आधार हेच औषध.

तांबट आळीतली परात

शतधौत घृत तांब्याच्या परातीत करायचे असा प्रघात आहे, आणि तांब्याची परात म्हटली की नाशिककराला तांबट आळी आठवते. १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात तांब्या-पितळेच्या भांड्यांचा धंदा इथल्या महत्त्वाच्या उद्योगांत नोंदलेला आहे. गोदावरीवर आलेला यात्रेकरू परत जाताना गंगेच्या गडूबरोबर एखादे भांडेही नेत असे.

मी स्वतः हे तूप करून पाहिले. परातीत पाव किलो गाईचे तूप घेतले, वर थंड पाणी घातले आणि तांब्याच्या गडूच्या बुडाने गोल गोल घासले. पाणी ओतून टाकले, नवे घातले. एका पाण्याला तीन मिनिटे धरली तरी शंभर पाण्यांना पाच तास लागतात. विसाव्या पाण्याला रंग फिका झाला, चाळिसाव्याला माझा खांदा भरून आला. पुढची साठ पाणी मी दोन बैठकांत पुरी केली.

तेव्हा वहीतल्या त्या एका ओळीचा अर्थ लागला. संहितेत 'शतधौत' हा एक शब्द आहे. ते शंभर वेळा कोणी धुवायचे, हे तिथे लिहिलेले नाही. घराघरांत ते बायकांनी धुतले, बाळंतिणीच्या आणि तान्ह्याच्या खोलीत धुतले, आणि रोजच्या कामाची नोंद कोणी करत नाही म्हणून त्याची नोंदही झाली नाही. मुरदाडशिंग बाजारातून तोलून आणावे लागे, म्हणून ते वजनासह लिहिले गेले. श्रम फुकटचे, म्हणून ते वहीबाहेर राहिले.

तांब्याबद्दल एक सावधगिरीही सांगायला हवी. तूप तांब्यात घासणे वेगळे आणि साठवणे वेगळे. तुपातली आम्ले तांब्याशी संयोग पावतात, तूप हिरवट होते. काशाच्या भांड्यात दहा रात्री राहिलेले तूप खाऊ नये, असे वाग्भटाने सांगितलेच आहे. मलम झाला की काचेच्या बरणीत काढावा.

जहाल औषधांचा काळ

एकोणिसाव्या शतकात मलमाचा आधार मागे पडला आणि त्यात घातलेला जहाल पदार्थ पुढे आला. मुंबई-गोव्याकडे 'गोवा पावडर' नावाची तपकिरी पूड नायट्यावर प्रसिद्ध होती. नाव गोव्याचे, पण माल ब्राझीलचा. अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातून निघणारी ही पूड पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे येई. १८७०च्या दशकात तिचे मूळ उलगडले आणि लंडनचे डॉक्टर ती सोरायसिसवर वापरू लागले. नायट्याला ती खरोखर लागू पडे. पण नायटा ही बुरशी आहे. इसब हा संसर्ग नव्हे. बुरशी मारणारी तिखट पूड इसबावर लावली तर कातडी जळते. आपल्या घरांत 'खाज' या एका शब्दाखाली खरूज, नायटा, गजकर्ण आणि इसब ही सगळी मंडळी एकत्र नांदत, आणि त्या सर्वांवर एकच डबी उघडली जाई.

शिशाचा मलम तरी केवळ आपल्या अडाणीपणाचा पुरावा आहे का? तसे नाही. एकोणिसाव्या शतकातील त्वचारोगांचा मोठा जाणकार, व्हिएन्नाचा फर्डिनांड फॉन हेब्रा, इसबावर जो मलम वापरी तो मुरदाडशिंग आणि ऑलिव्ह तेल शिजवून केलेला होता. माझ्या आईच्या वहीतला आणि हेब्राच्या दवाखान्यातला पदार्थ एकच. दोघांचे रोगी सुधारले असतील, तर त्याचे बरेचसे श्रेय तेल-मेणाच्या थराला जाते असे मला वाटते.

याच काळात आपल्या वैद्यांनाही संघटित होण्याची गरज वाटू लागली होती. १९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने वैद्यांचे पहिले अखिल भारतीय संमेलन भरले, ते नाशिकलाच. पदे यांच्या 'आर्यभिषक्' या ग्रंथाने घरगुती औषधांचे ज्ञान मराठी वाचकाच्या हाती दिले. दुसरीकडे बाजारही उभा राहत होता: १८९३ साली मुंबईत अमृतांजन निघाले, पुढे नाशिकचे 'सपट लोशन' घरोघरी गेले. डबी विकत मिळू लागल्यावर परातीपुढे पाच तास कोण बसणार?

आजची कातडी

१९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचे मलम इसबावर लागू पडते हे सिद्ध झाले आणि उपचारांचे चित्र पालटले. योग्य ठिकाणी, योग्य दिवस वापरले तर ते वरदान आहे. पण स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेली क्रीमे दुकानात सहज मिळू लागली, तेव्हा जुनीच चूक उलटी झाली: इसबाचे औषध नायट्यावर गेले, खाज दबली आणि नायटा पसरला. २०१८ मध्ये सरकारने अशा अनेक मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

२००६ साली फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि इसब यांचा लागलेला संबंधही इथे महत्त्वाचा ठरला. ते घडवणाऱ्या जनुकात दोष असेल तर कातडीची भिंतच कच्ची राहते. पाणी बाहेर जाते, त्रासदायक पदार्थ आत येतात. इसबाच्या पुष्कळ रोग्यांत हा दोष सापडला. म्हणजे स्निग्ध थर हा उपचाराचा पाया आहे, हे आता प्रयोगशाळाही सांगते. मात्र कोणताही थर चालत नाही. २०१३च्या एका अभ्यासात ऑलिव्ह तेलाने कातडीची भिंत आणखी कमकुवत होते असे दिसले. २००३च्या ब्रिटनमधील अभ्यासात शेंगदाणा तेलाची क्रीमे लावलेल्या इसबाच्या बाळांत पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक आढळली. फुटलेल्या कातडीवर खाण्याचा पदार्थ लावताना म्हणून दहादा विचार करावा. तुपातही दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. शिवाय पाणी असलेल्या घरगुती मलमात टिकाऊपणासाठी काही घातलेले नसते. पाणी अशुद्ध असेल किंवा बरणी महिनोन्‌महिने ठेवली, तर जंतू वाढतात.

भाचीला मी हे सगळे फोनवर सांगितले आणि बाळाला आधी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितले. त्यांनी थोडे दिवस लावायचे सौम्य औषध दिले आणि अंघोळीनंतर ओल्या अंगावर लगेच साधे, बिनवासाचे मलम चोपडायला सांगितले, दिवसातून अनेकदा. दोन आठवड्यांत बाळ रात्री झोपू लागले. इसब गेलेले नाही, थंडीत पुन्हा डोके काढील. पण आता तिला काय करायचे ते कळते.

त्यानंतर मी तिला पानाचा फोटो पाठवला. मुरदाडशिंग आणि कापूर यांवर लाल रेघ मारून, बाजूला कारण लिहून. खालच्या एका ओळीपुढे मात्र मी कृती लिहिली आहे: तूप किती, पाणी कसे, वेळ किती, कशात साठवायचे आणि बाळाला का लावायचे नाही. परातीतले तूप मी माझ्या भेगाळलेल्या टाचांना लावतो.