घटसर्प, घोड्याचं रक्त आणि १४४ तास

घटसर्पाचे जंतू घशात ठाण मांडून बसतात, तिथून सहसा हलत नाहीत. जीव घेतं ते त्यांनी सोडलेलं विष. ते रक्तातून हृदयापर्यंत आणि नसांपर्यंत पोचतं. त्याला वाटेत अडवणारी गोष्ट एकच, अँटीबॉडी. आणि ती वेळेवर हजर असावी लागते. उशिरा आलेल्या अँटीबॉडीच्या हातात फारसं काही उरत नाही. १९२५ साली अलास्कातल्या नोम या गावाने हा नियम तासातासाने अनुभवला.

२० जानेवारी, मंगळवार

बेरिंग समुद्र गोठला आहे. उन्हाळ्यापर्यंत बोट येणार नाही. सुमारे दीड हजार वस्तीच्या नोममध्ये डॉक्टर एकच, कर्टिस वेल्च. डिसेंबरपासून घसा धरलेली मुलं त्यांच्याकडे येत आहेत आणि टॉन्सिलच्या दुखण्यावर निभावतं आहे. आज मात्र तीन वर्षांच्या एका मुलाच्या घशात करडा, चिवट पापुद्रा दिसतो. ओढला तर निघत नाही, खालून रक्त येतं. ही घटसर्पाचीच खूण. मूल दगावतं.

त्या पापुद्र्यात मेलेल्या पेशी असतात. घटसर्पाच्या विषाच्या रेणूला दोन भाग असतात. एक भाग पेशीच्या पृष्ठभागाला धरतो, त्याच्या आधाराने दुसरा आत शिरतो आणि पेशीचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतो. आत पोचलेला एक रेणूही एका पेशीचा जीव घ्यायला पुरतो.

२१ जानेवारी

सात वर्षांच्या मुलीला तीच लक्षणं. वेल्च यांच्याकडे घटसर्पाचं थोडं सीरम आहे, पण मुदत संपलेलं. नवा साठा त्यांनी आधीच मागवला होता. बंदर गोठण्याआधी तो पोचला नाही. निरुपायाने तेच जुनं सीरम टोचतात. काही तासांत मुलगी जाते.

जुनं सीरम कमजोर झालेलं असणारच. पण ताज्या सीरमलाही एक मर्यादा असते. त्यातली अँटीबॉडी रक्तात फिरणाऱ्या विषाला जाऊन चिकटते, त्याची पेशीला धरण्याची जागाच झाकून टाकते, आणि ते विष निकामी होतं. मात्र विष एकदा पेशीत शिरलं की अँटीबॉडीला तिथे जाता येत नाही. झालेलं नुकसान ती भरून काढत नाही, पुढचं थांबवते. म्हणून या आजारात प्रत्येक तासाला किंमत आहे.

नगराध्यक्षांना निरोप जातो, तातडीची बैठक बसते, गावबंदी जाहीर होते.

२२ जानेवारी

वेल्च तारा पाठवतात. साथ अटळ दिसते, दहा लाख युनिट सीरम हवं.

एवढी घाई का? शरीर स्वतःच्या अँटीबॉडी बनवतं की! बनवतं, पण पहिल्या भेटीत त्याला वेळ लागतो. त्या विषाला नेमकी ओळखणारी पेशी आधी सापडावी लागते, ती वाढावी लागते, मग कुठे अँटीबॉडी तयार होऊ लागतात. यात सहज आठवडा जातो, पुरेशा प्रमाणात व्हायला दोन आठवडे. तोवर पापुद्रा लहान मुलाची श्वासनलिका बंद करू शकतो. पेनिसिलिन अजून सापडलेलंही नाही. राहता राहिल्या उसन्या अँटीबॉडी.

ही वाट एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० साली दाखवली होती. पुढे रुळलेली रीत अशी: घोड्याला घटसर्पाचं विष अगदी थोडं, मग हळूहळू वाढवत टोचायचं. घोडा आजारी न पडता अँटीबॉडी बनवत जातो. मग त्याचं रक्त काढून त्यातलं सीरम वेगळं करायचं आणि आजारी मुलाला द्यायचं. सीरमने उपचार करण्याच्या या कामासाठी १९०१ साली वैद्यकाचं पहिलं नोबेल बेरिंग यांना मिळालं.

२६ जानेवारी

अँकरेजच्या रेल्वे रुग्णालयात ३ लाख युनिट सापडतात. जेमतेम तीस रुग्णांना पुरतील इतकीच, पण दुसरी खेप येईपर्यंत तेवढाच आधार. काचेच्या कुप्या गोधडीत गुंडाळून धातूच्या नळकांड्यात भरल्या जातात. वजन सुमारे ९ किलो. रेल्वेने ते नेनानापर्यंतच नेता येतं. तिथून नोम १,०८५ किलोमीटर. विमानं आहेत, पण उघड्या बैठकीची. या थंडीत ती उडवणं धोक्याचं. मग कुत्र्यांच्या गाड्याच. टपालाला या वाटेवर साधारण २५ दिवस लागतात. वेल्च यांचा अंदाज असा की वाटेतल्या थंडीत सीरम सहा दिवसांवर टिकणार नाही.

सहा दिवस म्हणजे १४४ तास.

२७ जानेवारी, रात्री ९. उरले १४४ तास

नेनाना स्थानकावर ‘वाइल्ड बिल’ शॅनन नळकांडं गाडीला बांधतो. थंडी उणे ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास. त्याच्यासह वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्री टप्प्याटप्प्याने हे ओझं वाहणार आहेत.

२८ जानेवारी, पहाटे ३. उरले १३८ तास

मिंटोला पोचेपर्यंत शॅननचा चेहरा हिमदंशाने काळा पडला आहे. तो नळकांडं शेकोटीजवळ ठेवतो, काही तास थांबतो, तीन कुत्री मागे सोडून पुन्हा निघतो.

३० जानेवारी, सकाळी १०. उरले ८३ तास

चार्ली इव्हान्स नुलाटोला पोचतो. वाटेत त्याची दोन कुत्री थंडीने कोसळली. तिकडे नोममधल्या रुग्णांची संख्या २७ झाली आहे. त्यांच्यातल्या कित्येकांच्या रक्तात विष या क्षणी मोकळं फिरतं आहे, म्हणजे अजून पकडता येण्याजोगं आहे.

३१ जानेवारी, दुपारनंतर. उरले सुमारे ५० तास

शाक्टूलिकबाहेर गाडीवान लिओनहार्ड सेपाला नोमकडून समोर येतो. त्याची एकुलती एक मुलगी नोममध्येच आहे. ‘टोगो’ या बारा वर्षांच्या म्होरक्या कुत्र्याच्या भरवशावर तो सीरम घेऊन गोठलेल्या नॉर्टन साउंडवरून परत फिरतो. वादळ उठलं आहे आणि पायाखालचं बर्फ कधीही फुटू शकतं.

१ फेब्रुवारी, दुपारी ३. उरले ३० तास

सेपाला गोलोविनला पोचतो. सीरम चार्ली ऑल्सनकडे जातं. नोममध्ये रुग्ण २८.

१ फेब्रुवारी, रात्री १०. उरले २३ तास

ब्लफहून सीरम घेऊन गुन्नार कासेन निघतो. म्होरक्या ‘बाल्टो’. वाटेत वाऱ्याच्या झोताने गाडी उलटते आणि नळकांडं बर्फात जाऊन पडतं. अंधारात काही दिसत नाही. कासेन हातमोजे काढून उघड्या हातांनी बर्फ चाचपत राहतो. नळकांडं सापडतं, बोटांना हिमदंश होतो.

२ फेब्रुवारी, पहाटे ५.३०. उरले साडेपंधरा तास

गाडी नोमच्या रस्त्यावर येते. सीरम गोठलं आहे, पण एकही कुपी फुटलेली नाही. दुपारपर्यंत ते वितळतं आणि सुया टोचायला सुरुवात होते. अलास्काच्या बर्फातल्या मुलांच्या रक्तात घोड्याच्या अँटीबॉडी कामाला लागतात.

पुढे

दुसरी खेप फेब्रुवारीच्या मध्याला आली, २१ तारखेला गावबंदी उठली. गावाच्या नोंदीत पाच ते सात मृत्यू आहेत. आसपासच्या आदिवासी पाड्यांतले मृत्यू मोजलेच गेले नाहीत. तिथे आणखी किमान शंभर रुग्ण असावेत, असं वेल्च यांनी पुढे सांगितलं. मदत जिथे उशिरा पोचते तिथे हिशेबही पोचत नाही, याची मला चीड येते.

उसन्या अँटीबॉडी काही आठवड्यांत संपतात आणि मागे आठवण ठेवत नाहीत. ती आठवण लस देते. लसीत घटसर्पाचं निर्विष केलेलं विष असतं. शरीर आजाराविना ते ओळखायला शिकतं, अँटीबॉडी आधीच तयार ठेवतं आणि ओळख जपणाऱ्या पेशीही राखतं. खरं विष आलं तर आठवडाभर थांबावं लागत नाही.

ही ओळख काळाने पुसट होते, म्हणून बूस्टर. आपल्याकडे घटसर्पाविरुद्ध बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, १६ ते २४ महिन्यांत आणि पुन्हा पाच-सहा वर्षांचं असताना त्रिगुणी, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी लस देतात. शाळेत जायच्या वयाचे डोस अनेकदा राहून जातात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत तर बाळाचेही राहतात. घटसर्प भारतातून गेलेला नाही, तो अशीच सुटलेली मुलं शोधतो. घरातल्या मुलाचं लसीकरणाचं कार्ड आज काढून बघा. कोपीवरच्या, वीटभट्टीवरच्या मुलांचे डोस झाले का, हे आशाताईंना विचारा. नोमला उसन्या अँटीबॉडी १,०८५ किलोमीटर वाहून आणाव्या लागल्या; स्वतःच्या अँटीबॉडी बनवायला शिकवणारी लस आपल्या आरोग्य उपकेंद्रात फुकट मिळते.