देवनागरी मजकुराचा भार आणि संकेतस्थळांची गती : एक ऐतिहासिक विवेचन

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद हे तालुक्याचे गाव वसले आहे. खानदेशातील जळगावाशी नामसाम्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणून शेजारच्या जामोद गावाचे नाव त्यास जोडले गेले. १९०५ च्या वऱ्हाडातील पुनर्रचनेपूर्वी हा तालुका अकोला जिल्ह्यात मोडत असे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला, परंतु तो पूर्णा नदीच्या दक्षिणेकडून गेला. नांदुरा हे जळगाव जामोदला जवळचे स्थानक असले, तरी ते सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरांवर राहिले. मुख्य वाहिनी जवळून जावी आणि अखेरचा टप्पा मात्र वाचकाने किंवा व्यापाऱ्याने स्वतःच ओलांडावा, ही स्थिती या भूभागास नवी नाही. संकेतस्थळ उघडण्यास लागणाऱ्या वेळेचा विचार अशा गावाच्या दृष्टीने केल्यास, मुंबई-पुण्याच्या अनुभवातून सहसा लक्षात न येणाऱ्या काही गोष्टी स्पष्ट होतात.

या विषयाच्या चर्चेत एक आक्षेप वारंवार आढळतो. तो असा की, देवनागरी लिपी मुळातच यंत्रास जड असून मराठी पृष्ठे मंद असण्याचे कारण लिपीतच आहे. हा आक्षेप इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

लेखनाच्या गतीचा प्रश्न मराठीत फार जुना आहे. मोडी लिपीचा प्रसार या गरजेतूनच झाला. आधी शिरोरेषा ओढून तिच्याखाली, शक्यतो लेखणी न उचलता, अक्षरे गुंफीत जाण्याची ही पद्धती दप्तरी कामास सोयीची होती. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद तिने फारसा पाळला नाही. म्हणजे वाचणाऱ्यास संदर्भाने सहज कळेल ते लिहिण्याचे श्रम लेखकाने वाचवावे, हे तत्त्व तिच्यात होते. परंपरा तिचे श्रेय हेमाद्रीस देते. ते काहीही असो, तिचा दीर्घकालीन वापर गतीच्या गरजेची साक्ष देतो.

तारायंत्राने हेच तत्त्व वेगळ्या रीतीने अंगीकारले. शुभेच्छांच्या तारांसाठी टपाल व तार खात्याने ठरावीक वाक्यांना क्रमांक दिले होते. दिवाळीची वा विवाहाची शुभेच्छा पाठवावयाची झाल्यास तारेवरून केवळ क्रमांक जाई आणि पोहोचत्या कार्यालयात त्याचे पूर्ण वाक्य लिहिले जाई. दोन्ही टोकांस एकच यादी असेल, तर मधल्या वाटेवर थोडकेच पाठवावे लागते, हा त्यातील धडा होय. १९४९ मध्ये देवनागरी तारांची सेवा सुरू झाली. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली, परंतु तिच्यातील हे तत्त्व संगणकाच्या व्यवहारात आजही जिवंत आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. त्या वेळी दूरध्वनीच्या तारेवरून मिळणारा वेग अत्यल्प होता आणि संगणकांवर मराठी टंक, म्हणजे अक्षरसंच, असेलच अशी शाश्वती नव्हती. भारतीय लिपींसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे राष्ट्रीय प्रमाणक प्रसिद्ध झाले होते. त्यात प्रत्येक चिन्हास एकच बाइट लागे. तथापि आंतरजालावरील न्याहाळकांनी त्याचा अवलंब केला नाही. परिणामी प्रकाशकांपुढे तीन वाटा उरल्या : मजकुराचे चित्र करून पाठविणे, वाचकास स्वतंत्र टंक उतरवून घेण्यास सांगणे, अथवा पृष्ठाबरोबरच टंक पाठविणे. तिसऱ्या वाटेची साधने १९९७ मध्ये नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या न्याहाळकांत आली, परंतु दोघांच्या पद्धती परस्परांस जुळणाऱ्या नव्हत्या.

या तिन्ही वाटांचा भार किती होता, हे साध्या गणिताने कळते. दोन हजार चिन्हांचा एक मराठी लेख घ्यावा. सेकंदास २८,८०० बिट वाहून नेणाऱ्या जोडणीवर तो इस्कीत असता, तर अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागला असता. त्याचेच एक लाख बाइटांचे चित्र केल्यास सुमारे २८ सेकंद लागतात, आणि साठ हजार बाइटांचा टंक बरोबर पाठविल्यास त्या टंकालाच सुमारे १७ सेकंद लागतात. म्हणजे वाचक ज्याची वाट पाहत बसे, तो मजकूर नसून मजकुराचे वाहन होते. शिवाय चित्रातील मजकूर शोधता येत नसे व उतरवूनही घेता येत नसे.

या कोंडीतून सुटका झाली ती युनिकोडमुळे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्थान मिळाले होते. २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० या प्रणालीत ‘मंगल’ हा टंक व जोडाक्षरे जुळविणारी यंत्रणा अंतर्भूत होती. टंक वाचकाच्या यंत्रातच असल्याने तो दरवेळी पाठविण्याचे कारण उरले नाही. मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ मधील आहे, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय ठरते.

येथे लिपीसुधारणेच्या जुन्या वादाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९५३ च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व इकाराची खूण अक्षराच्या उजवीकडे देण्याची सूचना झाली. मुद्रण व टंकलेखन सुलभ व्हावे, हा त्यामागील एक हेतू होता. समाजात ती रुजली नाही. युनिकोडने हा प्रश्न निराळ्या मार्गाने सोडविला. साठवणुकीत इकार व्यंजनानंतरच येतो. डोळ्यांपुढे मात्र तो रूढीप्रमाणे डावीकडे उमटतो. लिपीने यंत्रापुढे वाकावे, ही मागणी यंत्र अधिक समंजस होताच निष्प्रयोजन ठरली.

तरीही भाराचा आक्षेप संपला नाही. १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचलेल्या ‘यूटीएफ-८’ या संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षरास एक बाइट, तर देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. २०१४ मध्ये युनिकोडात समाविष्ट झालेल्या मोडीस तर चार लागतात. गतीसाठी वापरली गेलेली लिपी संगणकात सर्वांत जड ठरावी, हा इतिहासातील एक विरोधाभासच म्हणावा लागेल. परंतु या तीन बाइटांचे स्वरूप तपासले असता आक्षेपाचे बळ ओसरते. देवनागरीच्या मूळ कोष्टकातील प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो, आणि दुसरा केवळ दोहोंपैकी एक. ही पुनरुक्ती ‘जीझिप’सारखी संक्षेपपद्धती सहज काढून टाकते. २०१५ च्या सुमारास आलेल्या ‘ब्रॉटली’ या पद्धतीत तर दोन्ही टोकांस आधीच ठाऊक असलेला शब्दसंग्रह आहे. तारखात्याच्या क्रमांकित वाक्यांचेच हे नवे रूप होय. त्या संग्रहात हिंदी शब्द आहेत, मराठीसाठी स्वतंत्र विभाग नाही. दोन्ही भाषांना समान असलेल्या शब्दांपुरताच मराठीस त्याचा लाभ होतो.

भाराइतकेच महत्त्व फेऱ्यांना आहे. पृष्ठ मागितल्यावर सर्व्हर सर्व मजकूर एकदम धाडीत नाही. वाट मोकळी आहे की नाही हे अजमावीत तो हप्त्याहप्त्याने पाठवितो. २०१३ मधील एका प्रस्तावाने पहिला हप्ता दहा पुडक्यांपर्यंत, म्हणजे सुमारे चौदा हजार बाइटांपर्यंत, वाढविला. कोणताही संक्षेप न करताही त्यात साडेचार हजारांवर देवनागरी चिन्हे मावतात. म्हणजे मध्यम लांबीचा मराठी लेख पहिल्याच फेरीत वाचकाच्या हाती पडू शकतो. अंतराचाही येथे विचार हवा. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते जळगाव जामोद हे सुमारे पाचशे किलोमीटरांचे अंतर त्यास एका दिशेने अडीच सहस्रांश सेकंदाचे आहे. अमेरिकेस जाऊन येण्यास मात्र कित्येक पटींनी अधिक काळ लागतो, आणि प्रत्येक फेरीस तो पुन्हा मोजावा लागतो. देशांतर्गत वाहतूक देशातच राहावी म्हणून २००३ मध्ये राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंजची स्थापना झाली, तिचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तथापि ग्रामपंचायतीपासून वाचकाच्या हातातील भ्रमणध्वनीपर्यंतचा टप्पा बहुधा आकाशलहरींवरच अवलंबून असतो, आणि सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत डोंगर त्या लहरी अडवितो. नांदुऱ्याच्या स्थानकापासूनची जुनी वाट येथे नव्या रूपाने पुन्हा समोर येते. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावरून मिळू लागला. तेव्हापासून पृष्ठाची मंदगती हा शेतकऱ्याच्या दृष्टीने केवळ गैरसोयीचा विषय राहिलेला नाही. पृष्ठ उघडले नाही, तर त्याला पुन्हा तालुक्याची खेप पडते व दिवसाची मजुरी बुडते.

सारांश, मराठी पृष्ठांच्या मंदगतीचा दोष लिपीवर टाकणे इतिहासास धरून नाही. आरंभी तो भार चित्रांचा व टंकांचा होता. आजही अनावश्यक चित्रे, शोभेसाठी जोडलेले अनेक टंक आणि परस्थ सर्व्हरांकडे होणाऱ्या फेऱ्या हाच मुख्य भार असतो. मजकूर त्यात अल्पांशच भरतो. त्यावरील उपायही अवघड नाहीत. मजकूर संक्षेप करून पाठवावा. चित्रे आटोपशीर ठेवावी. टंक एकच असावा, त्यातील नको ती चिन्हे गाळावी आणि तो येईपर्यंत यंत्रातील टंकाने मजकूर दाखवावा. एकदा आलेली सामग्री वाचकाच्या यंत्रातच राहू द्यावी. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाने व तारमास्तराने जे तत्त्व जाणले होते, तेच येथेही लागू आहे. वाचकाजवळ जे आधीच आहे ते पुन्हा पाठवू नये. हे तत्त्व पाळले गेल्यास वाटेवरच्या अखेरच्या गावासही मराठी मजकूर वेळेवर पोहोचण्यास लिपीची आडकाठी येत नाही.