यंत्र दूर, पुस्तक जवळ : भारतातील प्रोग्रॅमिंगच्या स्वयंअध्ययनाची साधने

प्रोग्रॅमिंग, म्हणजे संगणकाकडून काम करून घेण्यासाठी त्याला उमजेल अशा भाषेत क्रमवार आज्ञा लिहिण्याची विद्या, शिक्षकावाचून शिकायची तर कोणते साधन हाती धरावे, हा प्रश्न त्या विद्येइतकाच जुना आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकावर काम करणारे मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ या विषयावरील पहिले पुस्तक मानला जातो; परंतु त्या काळी साऱ्या जगात संगणक मोजकेच असल्यामुळे, ज्या यंत्रासाठी आज्ञा लिहायच्या ते यंत्र त्या ग्रंथाच्या बहुतेक वाचकांच्या दृष्टीसही पडणारे नव्हते. पुस्तक मिळते आणि यंत्र मिळत नाही, ही विषम स्थिती पाश्चात्त्य देशांत घरगुती संगणक आल्यावर ओसरली. भारतात ती बराच काळ टिकली, आणि भारतीय प्रोग्रॅमिंग-पुस्तकांच्या गुणांचा आणि दोषांचाही उगम बव्हंशी तिच्यातच सापडतो.

भारतात पहिला अंकीय संगणक १९५५ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडवलेला टिफ्रॅक १९६० साली कार्यान्वित झाला. या यंत्रांभोवतीचे लोक संशोधक होते. ते एकमेकांकडून आणि यंत्राकडून शिकत होते, आणि त्यांच्यासाठी क्रमिक पुस्तकाची निकड नव्हती. ती निर्माण झाली कानपूरच्या आयआयटीत. १९६३ साली तेथे आयबीएम १६२० हा संगणक बसवला गेला आणि त्याच्यासोबत फोरट्रान आली. फोरट्रान ही आयबीएमने १९५७ साली प्रचारात आणलेली भाषा होती, जिच्यात गणिती सूत्रे जवळजवळ कागदावर लिहितो तशीच लिहिता येत आणि त्यांचे यंत्राच्या सांकेतिक आज्ञांमध्ये रूपांतर करण्याचे काम कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम करीत असे. कानपूरने देशभरातील अभियंते, वैज्ञानिक आणि प्राध्यापक यांच्यासाठी फोरट्रानचे अल्पमुदतीचे वर्ग भरवले. त्या वर्गांहून परतलेल्या मंडळींना आपापल्या गावी शिकणे पुढे चालू ठेवायचे होते, आणि तेथे संगणक नव्हता. डॅनियल मॅक्रॅकन यांचे १९६१ सालचे फोरट्रान-मार्गदर्शक अमेरिकेत उत्तम गणले जाई, पण परदेशी ग्रंथ भारतीय विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे नसत. कानपूरमध्ये शिकवणारे वैद्येश्वरन राजारामन यांनी प्रेंटिस हॉल ऑफ इंडियातर्फे अल्प किमतीत काढलेली पुस्तके ही या गरजेतून जन्मली, आणि पुढे बेसिक, कोबोल, पास्कल व सी अशा भाषांवर जी भारतीय पुस्तके आली त्यांना स्वस्त किमतीचे आणि स्वयंपूर्ण मांडणीचे वळण याच परंपरेने दिले.

त्या काळी प्रोग्रॅम चालवणे म्हणजे काय होते हे पाहिल्याशिवाय या पुस्तकांची घडण कळत नाही. प्रोग्रॅम प्रथम चौकटी आखलेल्या कोडिंग शीटवर पेन्सिलीने लिहिला जाई. फोरट्रानच्या नियमानुसार पहिले पाच रकाने आज्ञेच्या क्रमांकासाठी, सहावा आधीची ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी आणि सातवा ते बहात्तरावा आज्ञेसाठी राखलेले असत. मग प्रत्येक ओळीसाठी ऐंशी रकान्यांचे एक कार्ड भोके पाडून तयार होई, कार्डांची गड्डी संगणक केंद्राच्या खिडकीवर द्यावी लागे, आणि छापील निकाल काही तासांनी, कित्येकदा दुसऱ्या दिवशी हाती येई. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर निकालात तेवढेच लिहिलेले असे, आणि गड्डी पुन्हा रांगेत लागे. या व्यवस्थेत प्रयोग करून पाहणे ही चैन होती. म्हणून पुस्तकाने आधी तर्काचा आराखडा चौकोन, समभुज चौकोन आणि बाण यांनी काढायला शिकवावे, म्हणजे फ्लोचार्ट रेखायला लावावा, आणि मग ड्राय रन करून घ्यावे, असा प्रघात पडला. ड्राय रन म्हणजे प्रोग्रॅममधील प्रत्येक चलाची किंमत ओळीगणिक कागदावर मांडत जाणे, जणू स्वतःच संगणक होणे. या शिस्तीला आजकाल कंटाळवाणी म्हणण्याची रीत आहे. तरी जे वाचक तिच्यातून गेले त्यांना प्रोग्रॅम डोळ्यांनी वाचून त्यातली चूक हेरता येई, आणि हे कौशल्य यंत्र समोर असणाऱ्याला सहज लाभत नाही.

याच्या नेमक्या उलट टोकाचे पुस्तक बेल प्रयोगशाळेतून आले. ब्रायन कर्निहन आणि डेनिस रिची यांचे सी भाषेवरील १९७८ सालचे छोटेखानी पुस्तक वाचकाला पहिल्याच प्रकरणात दोन शब्दांचे अभिवादन छापणारा प्रोग्रॅम लिहून चालवायला सांगते. लिहिणे, कंपाइल करणे, चालवणे आणि निकाल कोठे उमटला ते शोधणे हाच पहिला अडसर आहे आणि तो पार केला की बाकीचे सोपे, अशी त्याची भूमिका आहे. ही भूमिका बेल प्रयोगशाळेतल्या माणसाची आहे, ज्याच्या टेबलावर टर्मिनल होते. भारतात या पुस्तकाची स्वस्त आवृत्ती मिळू लागली आणि पुष्कळ वाचली गेली, पण स्वतःहून शिकणाऱ्या नवख्याला ते आटोपशीरपणामुळेच अवघड वाटे : एका वाक्यात जे सांगितले आहे ते चार वेळा चालवून पाहावे अशी त्यात अपेक्षा होती, आणि नेमके तेच त्याला शक्य नव्हते.

१९८४ सालच्या संगणक धोरणाने आयात सुलभ केली, वैयक्तिक संगणक कार्यालयांत आणि महाविद्यालयांत दिसू लागले, आणि एनआयआयटी, अॅपटेक यांसारख्या खासगी संस्थांचे वर्ग गावोगाव पोहोचले. वर्गांचे शुल्क ज्यांना झेपत नसे त्यांचा भर पुस्तकांवर राहिला, आणि पुण्यातील अप्पा बळवंत चौकातली दुकाने व मुंबईच्या फोर्ट भागातील पदपथांवरचे जुन्या पुस्तकांचे ढीग ही त्यांची शोधाची ठिकाणे झाली. निवड करायला परीक्षणे हाताशी नसत. आधी शिकलेल्या मित्राची शिफारस आणि पुस्तकाची किंमत हेच दोन निकष होते, आणि त्यांतला दुसरा अधिक विश्वासार्ह ठरे.

या काळातील स्वयंअध्ययनाचे खरे प्रातिनिधिक पुस्तक नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ होय. त्याची भाषा वर्गात समोर बसलेल्या मुलाशी बोलल्यासारखी आहे, एकेक कल्पना लहान प्रोग्रॅम देऊन उलगडलेली आहे, आणि प्रकरणांच्या शेवटी दिलेला प्रोग्रॅम काय छापील ते ओळखा अशा स्वरूपाचे प्रश्न आहेत. असे प्रश्न त्या पिढीच्या एकूणच भारतीय पुस्तकांची ओळख बनले. यंत्र आठवड्यातून तासभर, तेही दोघातिघांत मिळून, वापरायला मिळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी उत्तर मनाने काढून मग पुस्तकाच्या उत्तराशी ताडणे हाच अभ्यास होता. नोकरीच्या लेखी परीक्षाही तोच साचा वापरू लागल्यावर तो पक्का झाला.

परंतु येथेच या परंपरेची मर्यादाही आहे. पुस्तकातील उत्तर यंत्राच्या जागी उभे राहिले की ते उत्तर एका विशिष्ट यंत्राचे आहे हे वाचक विसरतो. भारतात हे यंत्र डॉस या संचालन-प्रणालीवर चालणारे बोरलँड कंपनीचे टर्बो सी होते. फ्लॉपीवरून हातोहात पसरणारे, लिहिणे, कंपाइल करणे आणि चूक शोधणे एकाच निळ्या पडद्यावर करून देणारे हे सॉफ्टवेअर कमकुवत संगणकावरही चाले, आणि त्याची लोकप्रियता समजण्यासारखी आहे. त्याच्यात पूर्णांक सोळा बिटांचा, म्हणजे −३२७६८ ते ३२७६७ एवढ्याच मर्यादेतला असे, त्यामुळे ३२७६७ मध्ये एक मिळवला की −३२७६८ छापले जाई. बत्तीस बिटांचा पूर्णांक वापरणाऱ्या कंपायलरवर तोच प्रोग्रॅम निमूटपणे ३२७६८ छापतो. एकाच चलाला एका विधानात दोनदा वाढवणारी कोडी तर याहून फसवी होती, कारण त्यांचा निकाल काय यावा हे सी भाषेच्या १९८९ सालच्या प्रमाणकाने ठरवलेलेच नाही, आणि तरीही त्यांचे ‘बरोबर’ उत्तर पाठ करून पिढ्या मुलाखतींना गेल्या. बोरलँडने ते सॉफ्टवेअर सोडून दिल्यावरही अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ते टिकून राहिले, कारण अभ्यासक्रम, पुस्तके आणि प्रश्नपत्रिका साऱ्या त्याच्याशी बांधलेल्या होत्या.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्स या संचालन-प्रणालीच्या सीडी मिळू लागल्या, आणि दुसरा कंपायलर स्वतःच्या यंत्रावर बसवून पाहणाऱ्या वाचकांना कंपायलरगणिक निकालात पडणारा हा फरक प्रथम कळला. इंटरनेटने पुढे साधनांचा तुटवडाच संपवला. मात्र उपलब्ध झालेले जवळजवळ सारे इंग्रजीत होते.

या संदर्भात मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प लक्षणीय आहे. त्याचे पाठ सुमारे दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफितींचे असतात. पडद्यावरील मजकूर इंग्रजीतच राहतो, कारण नोकरीत तोच भेटणार, आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. सीचे पाठ टर्बो सीवर न बेतता उबंटू लिनक्स व जीसीसी कंपायलर यांवर बेतलेले आहेत, आणि फीत अर्ध्या पडद्यावर चालू ठेवून उरलेल्या अर्ध्या पडद्यावर विद्यार्थ्याने तीच कृती लगोलग करत जावे अशी त्यांची पद्धत आहे. ध्वनिमुद्रणाआधी प्रत्येक पाठाची संहिता त्या विषयातील नवख्या व्यक्तीकडे जाते. ती व्यक्ती संहितेतील कृती स्वतः करून पाहते आणि जेथे अडते ती जागा पुन्हा लिहिली जाते.